महर्झियाची पिशवी

स्फाक्स शहरातल्या जुन्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांचं अंग घासून देणारी महर्झिया कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे, फक्त स्वतःच्या हातावर. कुणाला दिवस गेलेत हे तिला घासता घासता, नवऱ्याच्याही आधी कळे. त्यामुळे तिचंच पोट फुगलं आणि गिऱ्हाइकं लाडानं विचारू लागली, तेव्हा ती नुसती घासत राही. आत मूल नव्हतं. पाळीत मात्र दहा-दहा दिवस रक्त जाई, आणि कळ आली की भिंत धरून उभं राहावं लागे.

डॉक्टरीणबाईंनी तपासून आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅडिनोमायोसिस. गर्भपिशवीचं अस्तर पिशवीच्याच स्नायूत शिरलं होतं. गोळ्यांनी दुखणं दबेल, त्या म्हणाल्या. औषध सोडणारी तांबी बसवली तर रक्तही पुष्कळ कमी होईल. हवी तेव्हा काढता येते, पण आत असेतो दिवस राहणार नाहीत. पिशवीच काढली तर आजार मुळातून जाईल.

तांबी म्हटल्यावर महर्झियाचे कान टवकारले. तिच्या लहानपणी सरकारी गाडी गावात यायची आणि पोरं थांबवायला बायकांना तांबी बसवून जायची. आजाराच्या नावाखाली हाही तोच डाव, तिनं ठरवून टाकलं. लग्न अडतिसाव्या वर्षी झालेलं, आता एक्केचाळीस. एक तरी मूल हवं म्हणून ती नुसत्या दुखण्याच्या गोळ्या गिळत राहिली.

नवरा तैयब, तेलाच्या घाण्यावरचा कामगार, सारखा मागे लागे की तांबी बसवून घे. याला मूल का नको? सासूनं दुसरी हेरली असणार, मग काडीमोड. बाईचं डोकं एकदा त्या वाटेला लागलं की थांबतंय थोडंच. एका दुपारी तिनं त्याच्या जुन्या कोटाचे खिसे उलटे केले. प्रयोगशाळेचा कागद निघाला, त्याच्याच नावाचा, लग्नानंतर चार महिन्यांनी काढलेला.

तो जेवायला बसला तेव्हा तिनं कागद मासळी घातलेल्या कुसकुसच्या ताटाशेजारी ठेवला. "हे काय आहे?"

तैयबनं चमचा खाली ठेवला. "माझ्यात बीज नाही. मूल होणार नाही आपल्याला."

"आणि हे मला नाही सांगितलंस?"

"सोडून गेली असतीस."

एवढे संशय घेतले, पण हा एक तिच्या मनालाही शिवला नव्हता. तिला रडू आलं नाही, चीड आली. "तीन वर्षं रोज मरत होते मी, तैयब. तू समोर बसून जेवत होतास."

दुसऱ्या दिवशी तो तिच्यामागोमाग दवाखान्यात आला. त्यालाही आत बोलावू का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको," महर्झिया म्हणाली. "त्याला बाहेरच बसू दे. पिशवी माझी आहे. आता पहिल्यापासून सांगा, काय काय करता येतं ते."