क्लेमेंटीच्या काकांचे छर्रे

आज मी सिंगापुरात आहे, माझा कामाचा पास आणखी दोन वर्षांसाठी वाढला आहे आणि लातूरला माझी आई शेजारणीला ‘आमची मंगल फॉरेनला असते’ असं सांगू शकते, ते क्लेमेंटीच्या काकांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई उपकार विसरली. उपकार मी विसरले नाही. पण काकांसारखा विक्षिप्त माणूस या अख्ख्या बेटावर दुसरा नाही, हेही तितकंच खरं आहे.

क्लेमेंटी हा इथला एक भाग, आणि काका म्हणजे मी तिथे ज्यांच्या घरी कामाला आहे त्या ताईंचे वडील. आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशेब तपासले आणि निवृत्त झाल्यावर छर्ऱ्याच्या बंदुकीने दहा मीटरवरचा कागद फोडायला लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून एकट्याने बाहेर जायचं नाही असा ताईंचा हुकूम आहे, म्हणून दर शनिवारी दोन बस बदलून त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या क्लबात जायचं काम माझ्याकडे आलं. मला घाबरायला निमित्त लागत नाही. पासवर घरकाम लिहिलंय, बंदुकीच्या शेजारी बसणं घरकामात बसतं का, या काळजीने मी पहिल्या शनिवारी जेवले नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, “तू बंदुकीजवळ नाही, माझ्याजवळ बसतेस. आणि मी घरातलाच आहे.”

मागच्या वर्षी काकांनी परदेशातल्या एका कारागिराकडून स्वतःच्या मापाची बंदूक करून घेतली. माप घ्यायला टेप मीच धरली होती. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, तळहाताचा घेर, मानेची उंची, गालाचं हाड. शिंपीसुद्धा नवरीच्या ब्लाउजला एवढी मापं घेत नाही. काकू सोफ्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या वेळी पत्रिका एका दुपारी जुळली होती हो.” बंदूक आली, अक्रोडाच्या लाकडाचा तो दस्ता काकांच्या गालाला असा बसला की काकांचे डोळे भरून आले, आणि तिथून घराची खरी साडेसाती सुरू झाली. कारण आता काकांचं माप बदलून चालणार नव्हतं. दाढदुखी सुरू झाली, डॉक्टरांनी वरचे दोन दात काढून कवळी बसवायला सांगितली, तर काकांनी साफ नकार दिला. दात काढले की गाल आत जाईल, आणि गाल आत गेला की दस्त्याचं काय? चार महिने ते मऊ भात आणि वरण खाऊन राहिले, पण गाल हलू दिला नाही.

बंदूक घरी आणायची सोय या देशात नाही. ती क्लबाच्या कुलपात राहते, छर्रेही तिथेच. त्यामुळे घरी सराव मॉपवर. सकाळी फरशी पुसायला गेले की मॉप जागेवर नसायचा, तो बाल्कनीत काकांच्या गालाला लागलेला असायचा, आणि समोरच्या ब्लॉकमधली चिनी आजी कपडे वाळत घालता घालता थांबून बघत असायची. मी मॉप मागितला तर काका डोळा न हलवता म्हणायचे, “थांब, श्वास सोडतोय.”

तरुणपणी त्यांना म्हणे स्वतःची काडतुसं स्वतः भरायची फार हौस होती. दारू किती, गोळी किती, सगळं आपल्या हाताने तोलून. इथे तशी हौस मनात आणायलासुद्धा अर्ज करावा लागेल. मग ती सगळी हौस बिचाऱ्या छर्ऱ्यांवर उतरली. छर्रे एकाच कंपनीचे असले तरी प्रत्येक बॅच वेगळी, आणि प्रत्येक नळीला कुठली तरी एकच बॅच मानवते, असं काकांचं म्हणणं. ती शोधायची तर बंदूक टेबलावर शिकंज्यात घट्ट आवळायची, म्हणजे माणसाची चूक मधे यायला नको, आणि एकेका बॅचचे दहा दहा छर्रे दहा मीटरवरच्या एकेका कागदावर मारायचे. दहाही एकाच भोकातून गेले की बॅच पसंत. प्रत्येक छर्रा आधी छोट्या काट्यावर तोलायचा, वहीत आकडा लिहायचा, शिवाय त्या दिवशी एसी किती होता आणि काकांनी सकाळी काय खाल्लं तेही लिहायचं. आणि शेवटी हात साबणाने तीनदा धुवायचे, कारण छर्रे शिशाचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा मंत्र. तो स्वयंपाकघरातही आला. मी एकदा वांग्याच्या भाजीत मसालाही नवा घातला आणि तेलही नवं, तर काका ताटावरून उठून आत आले. “मंगल, भाजी छान झालीय. पण कशामुळे, ते आता आपल्याला कधीच कळणार नाही.” खरंच दुःखी होते ते.

तीन शनिवार चाचणी चालली होती. विक्रेत्याने चार बॅचचा एकेक डबा पाठवला होता. पहिली आणि तिसरी बाद झाली. दुसरी की चौथी, एवढंच ठरायचं होतं. सोमवारपर्यंत कळवलं नाही तर साठा दुसऱ्याला जाणार होता, आणि पंधरा दिवसांवर क्लबाची स्पर्धा होती. चौथ्या शनिवारी काका बंदूक बाहेर काढल्याची सही करायला क्लबाच्या आतल्या खोलीत गेले. टेबलावर अर्धे अर्धे झालेले चार डबे. आता मला सांगा, अर्धे झालेले चार डबे समोर दिसल्यावर आपल्याकडच्या कुठल्या बाईचा हात जागेवर राहील? मी चारही एका डब्यात ओतले, हलवून सारखे केले, उरलेले तीन डबे पुसले आणि त्यांच्यावरच्या चिकट चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. टेबल कसं मोकळं मोकळं दिसायला लागलं.

काका आले. डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, “मंगल, यातले दुसऱ्या बॅचचे कुठले?”

तेव्हा मला कळलं. त्याच महिन्यात पास वाढवायचा की नाही हे ताई ठरवणार होत्या. आधीच्या आठवड्यात माझ्या हातून त्यांचा ऑफिसचा लोकरी कोट मशीनमध्ये गेला होता, आणि आणखी एक चूक झाली तर बघावं लागेल, असं त्या वन-नॉर्थच्या ऑफिसला जाता जाता बोलून गेल्या होत्या. ती आणखी एक चूक आता डब्यात होती. मी रडायला लागले.

“रडताना श्वास हलतो,” काका म्हणाले. “आधी श्वास सोड. मग रड.”

मी सोडला. आणि श्वासाबरोबर मला लातूर आठवलं. शाळा सुटल्यावर सहा वर्षं मी डाळमिलमध्ये निवडायला होते. तुरीतून भेसळीची लाखेची डाळ आम्ही बोलता बोलता वेगळी काढायचो. मी म्हटलं, काका, निवडून बघू का? तीन शनिवार हे छर्रे डोळ्यांसमोर होते. दुसऱ्यातले जरा काळपट, चौथ्यातल्यांची कड जाड. काकांनी डब्याचं झाकण उलटं करून माझ्यापुढे ठेवलं.

दोन तास लागले. एकेक छर्रा झाकणात फिरवून बघत होते. काका शेजारी बसले होते, पण एकदाही घाई केली नाही. चार ढीग झाले. त्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या ढिगातले मूठभर छर्रे काट्यावर घातले, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले, पुन्हा घातले, चष्मा काढून पुसला. मग चौथ्यातले दहा शिकंज्यातल्या बंदुकीतून मारले. कागद जवळ आणला तर भोक एकच होतं, मोहरी जाईल न जाईल एवढं.

घरी ताईंनी विचारलं, कशी झाली चाचणी? मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. काका म्हणाले, “शेवटची निवड मंगलने केली. माझा काटा हिच्यापुढे काही नाही. पासचं ते तू लवकर करून टाक, पुढच्या वर्षी नवी बॅच यायची आहे.” डब्याचं अवाक्षर नाही, आजपर्यंत नाही. त्या आठवड्यात ताईंनी फॉर्म भरला.

स्पर्धेत काका खालून तिसरे आले. बंदूक त्यांच्या मापाची होती, छर्रे एकाच भोकात जाणारे होते, पण शिकंजा लावलेला नव्हता. परत येताना बसमध्ये ते कागद मांडीवर ठेवून म्हणाले, “छर्रा हलत नाही गं. मी हलतो.” आणि हसले, अगदी मनापासून. मला मात्र खिडकीबाहेर बघावं लागलं.

हल्ली त्यांच्या वहीतले आकडे थरथरलेले असतात. सातचा एक होतो आणि मग ते स्वतःवरच चिडतात. मी दुपारी काकू झोपल्या की इंग्रजी आकडे आणि महिन्यांची नावं गिरवते आहे, अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं नाही, त्याची परतफेड मी कधीतरी करणारच. ज्या शनिवारी त्यांना पेन धरवणार नाही, त्या शनिवारी त्यांनी फक्त तोलायचं. लिहायला मी बसेन.