पाठमोरी बदकं

सित्सेने एकेचाळीस वर्षं आमच्या गावच्या कालव्यावरचा पूल बोटींसाठी उचलला आणि खाली घेतला. घाई केली तर एखाद्या बोटीची डोलकाठी अडकायची, म्हणून ‘आधी जाऊ दे, मग हात लाव’ हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला आणि उडत्या रानबदकांच्या मागे लागला. तिथे या सवयीने घात केला. बदकांनाही तो आधी जाऊ द्यायचा.

सहा हिवाळ्यांचे फोटो मी, त्याची शेजारीण, त्याच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलेत. सगळ्यांत शेपट्या. सुंदर उन्हातल्या, पीस न् पीस मोजता येईल अशा शेपट्या.

“ये गं, कॉफी घे,” त्याची बायको बौक्ये मला म्हणायची, “आणि ही बघ आमच्याकडची नवी ढुंगणं.”

“डावीकडचा नर आहे,” सित्से शांतपणे सांगायचा.

“तोंड न बघता? कमाल आहे बाई तुझी!”

यंदा मात्र थट्टा अंगाशी आली. गावच्या सभागृहात नवी भिंत बांधली, तिच्यावर एकच मोठा फोटो लावायचा ठरला. समितीची प्रमुख बौक्येची धाकटी बहीण, रेन्स्के. ती घरी येऊन बजावून गेली, “सित्से, शनिवारी दुपारपर्यंत समोरून येणारी बदकं दे. नाहीतर मी शहरातून पवनचक्कीचा फोटो मागवते.”

“पवनचक्की? आपल्या गावात आहे कुठे?”

“भिंतीवर तर होईल!”

सित्सेचा चेहरा पडला. दर मंगळवारी त्या भिंतीसमोर तो पत्ते खेळतो. उरलेलं आयुष्य परक्या गावच्या पवनचक्कीकडे बघत पानं टाकायची?

शुक्रवारी दिवसभर तो बांधावर गारठत उभा राहिला आणि चारशे शेपट्या घेऊन परतला. बौक्ये हसली नाही, त्यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. ती वाटाण्याचं सूप ढवळत राहिली, मग एकदम म्हणाली,

“तू पूल कधी उघडायचास रे?”

“बोट आली की.”

“खोटं. भोंगा वाजला की. बोट तर वळणाआड असायची. त्या भोंग्याने तू जेवणावरून उठायचास आणि मी ताट झाकून ठेवायची.”

“मग?”

“मग तुझी बदकं मुकी आहेत का?”

सित्सेचा चमचा हवेतच राहिला. त्याची ती लालसर डोक्याची बदकं दिसण्याआधी ऐकू येतात. कुणी लांबून शीळ घालत यावं तशी येतात. सहा वर्षं तो ती शीळ ऐकत होता आणि बदक दिसायची वाट बघत होता.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं बांधावर. सित्सेने रिकाम्या आकाशाला कॅमेरा लावला.

“काही दिसत नाहीये,” मी कुजबुजले.

“बघू नकोस,” बौक्ये म्हणाली. “ऐक.”

शीळ आली. सित्सेने लगेच कळ दाबली, समोर नुसतं आकाश असताना, आणि दाबूनच धरली. दुसऱ्या क्षणी बांधाच्या कडेवरून बदकांचा थवा थेट आमच्या तोंडावर आला. मी तर खालीच बसले.

दुपारी रेन्स्केने फोटो पाहिला. बारा बदकं, चोची उघड्या, एक तर चक्क रोखून बघणारं.

“हा तू काढलास?” तिने दोनदा विचारलं.

फोटो भिंतीवर चढला तेव्हा अख्खं गाव जमलं होतं. बौक्ये कितीतरी वेळ मान वाकडी करून बघत राहिली.

“छान आहेत रे. पण यातलं एकही ओळखीचं वाटत नाही.”

सित्सेने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच कोटाच्या खिशातून दुसरा फोटो काढला. तीच बारा बदकं, डोक्यावरून गेल्यानंतरची.

“सवय,” तो ओशाळून म्हणाला.

“हां! आता कशी पटली ओळख!” बौक्ये म्हणाली आणि तो फोटो तिने आपल्या पर्समध्ये टाकला.