मिलची खळ आणि भोगीची भाजी

गच्चीवर चार कुंड्या मांडून जगाची भूक मिटवायला निघालेली माणसं मला अलीकडे फार भेटतात. माझी सून त्यातलीच. एक टोमॅटो लाल झाला की शेजारणींना जिना चढायला लावते. टोमॅटोवर माझा राग नाही. पण शहरात भाजी पिकवली म्हणजे कुणी उपाशी राहणार नाही, असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला आमच्या चाळीत आलेला साहेब आठवतो आणि माझं डोकं उठतं.

सोलापुरात तेव्हा मिलचे दिवस कमी केले होते. भोंगा रोज वाजायचा, पण आमच्या वडिलांच्या खात्याला आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवलेलं असायचं. ज्वारीचं पीठ डब्याच्या बुडाशी गेलं की आई मला वाटी देऊन शेजारी पाठवायची. अशात मिलचा एक साहेब चाळीत आला. पटांगणात सतरंजी अंथरली, बायकांना पुढं बसवलं आणि हा कोटातला गृहस्थ म्हणाला, "बायांनो, चाळीमागची जागा नुसती पडून आहे. नळाचं पाणी वाहून जातं. भाजी लावा, म्हणजे मुलं उपाशी झोपणार नाहीत."

आई मागून म्हणाली, "लावू की साहेब. पन ती खायाची कशासंगं?"

बायका पदरात हसल्या. साहेबानं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. आई बोलली ते खोटं नव्हतं. भाजी भाकरीला लागते, भाकरीच्या जागी लागत नाही. हे ज्याला कळत नाही त्यानं उपाशी माणसांसमोर तोंड उघडू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

तरी आईनं भाजी लावलीच. ती मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली. दगडगोटे वेचून तिनं चाळीमागं वाफा केला, नळाचं सांडपाणी चर खणून वळवलं. चाकवत, मेथी, चार वांगी आणि कुंपणावर पावट्याचा वेल. पोट त्यानं अर्धमुर्धंच भरायचं, पण दुसरं एक झालं. वर्षभर आम्ही चाळीत मागणारे होतो. कुणाची वाटीभर ज्वारी, कुणाचं चमचाभर तेल. आता आई ज्या घरून पीठ आणायची त्या घरी चाकवताची जुडी धाडू लागली. देताना तिची मान कशी ताठ व्हायची, ते मी पाहिलंय. आमच्या घरातून बाहेर जाणारी तेवढी एकच गोष्ट होती. संक्रांत जवळ आली तशी नळावर तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, "यंदा भोगीची भाजी माज्या वाफ्यातली. कुनी बाजारात जायचं न्हाय." भोगीला आमच्याकडं पाच-सात भाज्या एकत्र शिजवून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. पोट कितीही मारलेलं असो, तो दिवस कुणी चुकवत नाही.

आणि इथं आमच्या वडिलांना अक्कल सुचली.

मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांचं एक घर होतं. हातमागावर ताणा चढवण्याआधी सुताला पिठाची खळ लावतात, म्हणजे सूत ताठ राहतं. खळीचं भांडं विसळलं की त्या घरची बाई ते पाणी अंबाडीला ओतायची आणि तिची अंबाडी कमरेला लागायची. वडिलांनी ते पाहिलं. मिलमध्येही खळ लावायचं खातं होतं, आणि उरलेली खळ तिथल्या गटारात जायची. मग काय, कामावर गेले की सुट्टीच्या वेळी वडील भाकरीच्या डब्यात ती खळ भरून आणायला लागले. गेटावर झडती व्हायची. शिपाई डब्याचं झाकण उघडायचा, त्याला ती आंबील वाटायची.

आईनं पहिल्याच दिवशी डबा उजेडात धरला. "ह्याला निळसर झाक कशी हाय वो?"

"भांड्याची आसंल. पीठच हाय की त्ये. वाफा कसा फुगतोय बघ."

वाफा फुगला नाही. चाकवताची पानं कडेनं करपली, मेथी बसली, वांग्यांनी माना टाकल्या. वडील म्हणाले, थंडीनं झालं असेल, आणि आणखी ओतली. त्यांना एकदा वाटलं की वाटलं. शेवटी भोगीच्या आदल्या सकाळी ते खळखात्यातल्या एका माणसाशी बोलले आणि दुपारी पांढरे पडून घरी आले. हातमागाची खळ त्याच दिवशी संपते. मिलची खळ साठवायची असते. ती आंबू नये, तिला बुरशी धरू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. मोरचूद म्हणजे निळं विष.

आई चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकलं. वडील हळूच म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. त्या सुताच्या चिंध्या नेल्या म्हनून मानूस काडला की परवा. मला बी काडतील."

आई उठली, खुरपं घेतलं आणि मागं गेली. मीही गेले. करपलेलं तर तिनं उपटलंच, पण कडेचा चाकवत अजून हिरवागार होता आणि पावट्याला शेंगा लोंबत होत्या. तेही उपटलं. खड्डा खणून सगळं पुरलं, वर माती लोटून पायानं दाबली. उपासमारीच्या दिवसात ती हिरव्या शेंगा मातीत घालत होती.

भोगीच्या सकाळी बायका टोपल्या घेऊन आल्या. आई म्हणाली, "कीड लागली. काडून टाकलं."

"आगं, काल तर शेंगा हिरव्या व्हत्या की!" नळाशेजारच्या खोलीतली बाई म्हणाली. आम्ही सगळ्यात जास्त वेळा जिच्याकडून पीठ आणलं ती हीच. "कीड काय रातोरात येती व्हय?"

दुसरी म्हणाली, "भोगीला बाजारात भाव असतोय. कीड बाजाराला गेली आसंल."

हसल्या सगळ्या. आईनं 'खळ' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो बोलली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला आणि उद्या मिलला कळलं असतं. ती नुसती उभी राहिली. वडील आतच होते. सगळं ऐकत, भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाहेर येऊन, मीच चुकलो, वाफ्यावर वाईट काहीतरी पडलं, एवढं मोघम तरी बोलायचं की नाही? नाही बोलले. ते गेले तेव्हा मी रडले, पण ती सकाळ मी त्यांना कधी माफ केली नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आईनं कुठूनतरी मूठभर तीळ आणि गूळ जमवला, नखाएवढ्या वड्या केल्या, ताट पुसून त्यात मांडल्या. हळदीकुंकवाचा करंडा शेजारी ठेवला. धुवट लुगडं नेसून उंबऱ्याशी बसली. चाळभर बायकांची ये-जा चालली होती. ह्या दारातून त्या दारात, बांगड्या वाजवत. आमचं दार आलं की ते सोडून पुढच्या दारात. नळाशेजारची तर आमच्या उंबऱ्यावरून जाताना पदर सावरून गेली, जणू आम्हाला गोवर आलाय. मी तिला शिवी दिली, मोठ्यानं. आईनं मला गप्प केलं नाही. दिवेलागण झाली तरी ताट होतं तसंच होतं.

वडील कामावरून आले. ताटाकडं पाहिलं. खरंच कळलं नव्हतं की कळूनही विचारत होते, देव जाणे. म्हणाले, "कुनी आलं न्हाय व्हय?"

आईनं ताटातली एक वडी उचलली. चाळीत दिवसभर सगळ्या बायका एकमेकींना गोड बोला, गोड बोला म्हणत होत्या. तिनं ती वडी वडिलांच्या तळहातावर ठेवली.

"तिळगूळ घ्या," ती म्हणाली, "आन् आता काय सुदिक बोलू नका."