देवाच्या कोकराची हाडं

आटपाडीकडच्या माळावर उन्हाची टंचाई कधीच नव्हती. तरी तिथल्या एका कळपात दरसाल एखाददुसरं कोकरू मुडदूस झाल्यासारखं वाकड्या पायांचं निघायचं. सत्तरच्या दशकात मी त्या भागात जनावरांचा डॉक्टर होतो. सांगलीला माझे एक मित्र मुलांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अशाच पायांची एक मुलगी येई. दूध झालं, ऊन झालं, फरक नाही. रक्तात कॅल्शियम कमी, आणि दोष आईबापांकडूनच आलेला. एका औषधाचा मोठा डोस द्यावा असं त्यांच्या मनात होतं, पण तो जास्त झाला तर मूत्रपिंडात खडे होतात, म्हणून हात धजत नव्हता. म्हणाले, "आधी तुमच्या कोकराला देऊन बघू."

कळपाची मालकीण तयार झाली. असली कोकरं एरवीही जगत नसत. बोली अशी, की औषध पुरं झालं की कोकरू कापायचं आणि हाडं, मूत्रपिंडं सांगलीला न्यायची.

"न्या की," ती म्हणाली.

मी टोचत गेलो, कोकरू सुधारत गेलं. पावसाळा सरताना ते नीट उभं राहिलं, मग उड्या मारू लागलं. मी खुशीत सुरी आणि बरण्या घेऊन गेलो, तर त्याच्या कपाळाला भंडारा फासलेला.

"आवं डागदर, ह्ये आता बिरोबाचं हाय. तुमच्या सुईला गुण येऊ दे म्हणून नवस बोलले हुते. गुण आला. देवाला सोडल्यालं कापत न्हाईत."

"अहो, पण आपलं ठरलं होतं ना?"

"तुमच्यासाठीच बोलले की. लय खटपट करत हुता तुमी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रयोग तडीस जावा म्हणून नवस, आणि त्याच नवसानं प्रयोगाचं वाटोळं. मी तिला त्या मुलीची सगळी हकिकत ऐकवली, तावातावानंच. तिनं ऐकून घेतली आणि चहा दिला. चहा पिताना कोकरू येऊन माझी पँट चघळू लागलं, तेव्हा मला हसू आवरेना. सुरी पिशवीतच राहिली याचं खरं तर बरं वाटलं.

मग सुचलं, कापायचं नाही तर एक्स-रे काढू. कोकरू मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं भंडारा पाहून आधी हात जोडले, मग तिकीट फाडलं. दवाखान्यात माझ्या मित्रानं फिल्म उजेडात धरली. हाडांची टोकं भरून आली होती. मूत्रपिंडात खडा नव्हता.

"उद्यापासून मुलीला सुरू करतो," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी मुलीची आई तिला घेऊन कळपावर आली. पाय अजून थोडे वाकडे होते, पण ती बिरोबाच्या मेंढ्यामागं माळभर पळत होती. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मालकीण शेजारी येऊन उभी राहिली. "त्या पोरीसाठी बी बोलले हुते, बरं का."

मी घाबरतच विचारलं, "या खेपेला देवाला काय सोडलं?"

"तुमाला," ती म्हणाली, आणि माझ्या कपाळाला भंडारा फासला.