हद्दीवरची सुमनआत्या

सुमनआत्या आधी मारायची आणि मग विचारायची. मोबाइलवर चालू असलेली लढत अडकली, गोल चक्कर फिरू लागलं, की पहिली थप्पड मोबाइलला. विहिरीवरची मोटार बंद पडली की स्टार्टरच्या पेटीला लाथ. मला तर तिनं कारणाशिवायही मारलंय. "आता कशाला मारलं?" म्हटलं तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे, पुढच्या टायमाला कामी येईल." आज आत्या नाही आणि माझी पाठ मोकळी आहे. खरं सांगतो, बरं वाटत नाही.

ती काही अशी जन्मली नव्हती. शाळेत असताना कबड्डी खेळायची, डावा कोपरा सांभाळायची. मग शाळा सोडवून तिचं लग्न लावलं, आमच्याच पिंपळगावात. आतोबा पिऊन यायचे आणि हात टाकायचे. सगळी गल्ली ऐकायची आणि ताटावर बसून जेवायची. एके दिवशी आतोबांनी मुसळ उचललं आणि आत्यानं त्यांचं मनगट धरलं. शाळेत शिकली होती तसंच, दोन्ही हातांनी, अंगठे आत दाबून. हाड मोडल्याचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. आतोबा हात गळ्यात बांधून वाटूरला भावाकडे गेले, ते तिकडचेच झाले. आत्या एवढंच म्हणाली, "धरलं की सोडायचं न्हाई. सोडलं की मेलास."

तिची पोरगी प्रतीक्षा तेव्हा दाराआड उभी राहून बघत होती.

पुढे त्या पोरीला आत्यानं कबड्डी शिकवली. शिकवली म्हणजे काय, आपटली. अंगणात शेणामातीवर रोज संध्याकाळी मायलेकी भिडायच्या. पोरीची कोपरं सोलून निघायची, ओठ फुटायचा. माझी आई कुंपणावरून ओरडायची, "अगं बाई, मारून टाकशील तिला!" आत्या तिकडे न बघताच म्हणायची, "वहिनी, मैदानात हिला कोण गोंजारणार हाये?" आणि पोरीकडे वळून, "एक खाल्ली का दोन द्यायच्या. बिलकुल उधार ठिवायचं न्हाई." पोरगी मात्र तयार झाली. तिच्या हातात मनगट सापडलं की चढाईला आलेली पोर मध्यरेषा विसरायची आणि आईला हाक मारायची.

मग तालुक्याच्या सामन्यात ते झालं. गवळी सर पंच होते, शेजारच्या गावच्या शाळेत खेळाचे मास्तर. साधा, सरळ माणूस. त्यांनी प्रतीक्षाला बाद दिलं आणि आत्या चप्पल काढून मैदानात शिरली. कानावरच बसली. सर गुडघ्यावर आले, तर दुसरी. चार जणांनी ओढली तेव्हा कुठे ती बाहेर निघाली. सरांच्या कानाचा पडदा फाटला. तेव्हापासून ते डावा कान पुढे करून ऐकतात. सामने भरवणाऱ्या मंडळानं ठरवलं, ही बाई कुठल्याही मैदानावर दिसली तर पोरीचा संघ बाद. प्रतीक्षानं घरी येऊन फक्त एक वाक्य सुनावलं, "आई, तू आलीस तर मी पायच ठिवणार न्हाई मैदानात."

आत्यानं ऐकलं. तिनं आयुष्यात ऐकलेली ती एकच गोष्ट असावी.

पुढल्या वर्षी प्रतीक्षाचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला. सामना जालन्याला होता आणि तिथूनच राज्याच्या संघासाठी पोरी निवडणार होते. सामना मोबाइलवर दिसणार होता, पण मंडळाची अक्कल बघा! लोकांनी तिकीट काढून मैदानात यावं म्हणून आपल्याच जिल्ह्यात ते दाखवणं बंद. पुण्यात दिसणार, मुंबईत दिसणार, दुबईत बसलेल्याला दिसणार, आणि पिंपळगावात काळ्या पडद्यावर पाटी: "हा सामना आपल्या जिल्ह्यात उपलब्ध नाही." अरे, पोरगी कुणाची? माती कुणाची? माझं डोकंच फिरलं. आत्यानं तर मोबाइल भिंतीवर हाणला. काच तडकली, पाटी तशीच.

उपाय सोपा होता. धाडच्या रस्त्यानं गेलं की बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागते. स्वागताच्या कमानीपलीकडे एक चहाची टपरी आहे, तिथे गेलं की चित्र उमटतं. सामना असला की आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं त्या टपरीवर पडलेली असायची. मी आत्याला मोटारसायकलवर मागे घेतलं आणि निघालो. रस्ताभर ती माझ्या पाठीत बुक्के घालत होती. "जल्दी चालव ना, विज्या! तिकडं शिट्टी वाजली आसंल!"

टपरीवर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल ठेवला. तडकलेल्या काचेत प्रतीक्षा दिसली आणि आत्या एकदम लहान पोरीसारखी हसली. तेवढंच. नंतर सामना नव्हता, मारामारी होती. समोरचा संघ दांडगा. कोपर, गुडघा, नख, काय म्हणाल ते चाललं होतं. आमची एक पोर पाय धरून बाहेर गेली. दुसरीचं नाक फुटलं. आत्या मांडीवर मुठी आपटत होती. टपरीवाल्यानं चहा दिला, तो तिनं न पिता तसाच सांडला.

शेवटची मिनिटं राहिली होती आणि आपण एका गुणानं पुढे होतो. त्यांची मोठी चढाईपटू आत आली. प्रतीक्षानं मनगट धरलं. वर सगळ्यांचा ढीग पडला. त्या ढिगात त्या पोरीनं मोकळ्या कोपरानं प्रतीक्षाच्या तोंडावर हाणलं, पुन्हा हाणलं. प्रतीक्षानं हात सोडला नाही. गुण मिळाला. ढीग उठला तेव्हा तिचं तोंड रक्तानं भरलेलं, पुढचा दात गेलेला. पंच गवळी सरच होते आणि त्यांना मागून काही दिसलं नव्हतं.

आत्या उभी राहिली. "मार!" तिची किंकाळी कमानीपलीकडे गेली असेल. "मार तिला, पोरी! मार!"

आणि प्रतीक्षानं मारलं. त्या पोरीच्या जबड्यावर मूठ बसली. ती पडली, तर तिच्या छातीवर बसून दुसरी, तिसरी. गवळी सर मध्ये पडले तर त्यांनाही ढकललं. लाल कार्ड निघालं. एक खेळाडू कमी झाली आणि आपण हरलो.

टपरीवरचा एक टोळभैरव खिदळला, "घ्या! पोरगी आईवरच गेली!"

सगळे दोन पावलं मागे सरकले. मीही मोबाइल उचलून घेतला. आता हा खिदळणारा मेला, असंच वाटलं. पण आत्या बाकड्यावर खाली बसली.

"म्या म्हणले, आन् तिनं मारलं," ती म्हणाली.

मी समजूत काढायला गेलो. "आत्या, मोबाइलवर चित्र थोडं उशिरानं येतं. तू ओरडायच्या आधीच तिनं तिथं मारलं होतं."

"मंग तं आजूनच वंगाळ," आत्या म्हणाली. "लई वर्सापासून ऐकू येऊन राह्यलंय तिला."

परत निघालो. कमान ओलांडताच पडदा काळा पडला आणि पुन्हा तीच पाटी आली. आत्यानं मोबाइल मारला नाही. पदरात गुंडाळून धरला.

दुसऱ्या दिवशी ती प्रतीक्षाला आणि मला घेऊन गवळी सरांच्या दारात उभी राहिली. सरांच्या सांगण्यावर पोरीची बंदी ठरणार होती. सर डावा कान पुढे करून बाहेर आले. आत्यानं पदर कमरेला खोचला आणि गाल पुढे केला.

"मारा, सर. तुमची उधारी हाये माझ्याकडं. पायजे तेवढं मारा, पर पोरीला खेळू द्या."

सरांनी हात पाठीमागे बांधले. मग म्हणाले, "सुमनबाई, तुम्हाला मारून माझा कान परत येणार नाही. तिनं मारलं, ते मी बघितलं. मी खोटं सांगणार नाही. एक वर्ष बसावं लागेल तिला."

आत्यानं मान डोलावली. आणि आपल्याच हातानं आपल्या गालावर हाणली. सणसणीत. पुन्हा हाणली. "ह्या हातानं शिकवलं," म्हणत हाणत राहिली, डाव्या गालावर, उजव्या गालावर, कानफटीत. सर "अहो, अहो" करत राहिले. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. मी पुढे झालो तर तिनं मला ढोपरानं उडवलं. हात पुन्हा वर गेला.

तो खाली आला नाही. प्रतीक्षानं मनगट धरलं होतं, दोन्ही हातांनी, अंगठे आत दाबून. आत्यानं हिसका दिला, अंगणात शिकवलेले सगळे हिसके दिले. पोरगी फरफटली, गुडघ्यावर आली, सुजलेल्या तोंडानं रडत होती, पण सोडलं नाही.

शेवटी आत्याचाच दम सुटला. ती खाली बसली आणि आपल्या मनगटाकडे बघत धापा टाकत म्हणाली, "बराबर धरलंस."