डाव्या खांद्याचा दस्ता

परभणीत बंदुकीला लाकडी दस्ता बसवणारा आता मी एकटाच उरलोय. डावखुऱ्या माणसाचा दस्ता मात्र आयुष्यात एकदाच केला, अन् त्या कामाचा राग अजून गेला न्हाई.

झरीकडचा शेतकरी होता, पन्नाशीचा. पीक राखायची दुनळी बंदूक बापाचं वय झालं म्हणून ह्याच्या नावावर झालेली. रानडुकरं भुईमूग उकरून खायलीत, वनखात्याची परवानगी हाय, अन् ह्याचा एक बार लागत न्हाई. बाप संगंच आला होता. मी म्हणलं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा. त्यानं आधी बापाकडं बघितलं, मग उजव्या खांद्याला लावली. त्या मापानं दस्ता बसवून दिला. तरी सगळे बार वायाच.

मग एकटाच आला. चहाचा कप डाव्या हातानं उचलला अन् माझी नजर पडली तसा चटकन उजव्यात घेतला. विचारलं तर म्हणाला, ल्हानपणी डाव्या हातानं घास घेतला की अण्णा, म्हणजे त्याचे वडील, चुलीतलं लाकूड हातावर ठेवायचे. माझं डोकंच फिरलं. निशाणा धरायचा डोळाबी डावाच निघाला त्याचा.

दस्ता सरळ नसतो. उजव्या माणसाचा जरासा उजवीकडं कललेला, डावखुऱ्याचा डावीकडं, तेव्हा कुठं गाल टेकल्यावर डोळा नळीच्या रेषेत येतो. गरम तेल सोडत सोडत मी ते लाकूड डावीकडं वाकवलं. त्यानं डाव्या खांद्याला लावून बघितलं अन् हळूच म्हणाला, "मिस्तरी, सरळ दिसायलंय की." लय खूश होऊन गेला. त्या हंगामात भुईमूग वाचला.

दसऱ्याला शस्त्रं पुजायला काढली. म्हाताऱ्यानं पाहुण्यांपुढं बंदूक खांद्याला लावली, ती बसंना. कुणीतरी हसलं म्हणे. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानात.

"ज्या हातानं धुतो, त्या हातानं देवाफुडचं शस्त्र धरतंय हे," म्हातारा म्हणाला. "सरळ करा."

बंदूक काय एका हातानं धरतात का, असं मी त्याला तोंडावर विचारलं. बंदूक पोराच्या नावावर हाय, पोरालाच बोलू द्या म्हणलं. पोरानं बंदूक उचलली, उजव्या खांद्याला लावली, मान वाकडी करकरून बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "मला उजवाच बसतो, मिस्तरी."

म्हातारा तंबाखू थुंकायला बाहेर गेला तेव्हा मी परत विचारलं. "अण्णा हायेत तवर राहू द्या," एवढंच बोलला. मी शिव्या घालत लाकूड परत वाकवलं.

अण्णा अजून ठणठणीत हायेत. पोराचा डावा डोळा शुगरनं गेला. परवा भेटला तर सांगायला लागला, उजव्या खांद्याचा दस्ता आता बरोबर बसतोय म्हणून.