सूनबाईंनी दगड उकळला तेव्हा

ओळखीचे सगळे तिला कवळीबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दातांच्या कारखान्यात ती कवळ्या घडवायची. मेणात एकेक दात बसवायचा, जरा तिरका वाटला की काढून पुन्हा बसवायचा. असा चिवट हात असलेल्या बाईला घरात समुद्र पाळायचा नाद लागला यात नवल नव्हतं. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत तिची खाऱ्या पाण्याची टाकी होती. आत जिवंत प्रवाळ, त्यांच्यात लपणारे नारिंगी मासे आणि अखंड घरघरणारा पंप. "आमच्याकडे माणसांआधी माशांची तब्येत विचारतात," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आणि स्वतः मात्र तासन्‌तास टाकीसमोर खुर्ची टाकून बसत.

नवीन टाकी घेणारे लोक तिलाच फोन करत. ती समजावून सांगायची, "टाकी भरल्या भरल्या मासे सोडू नका, आधी पाणी मुरू द्या. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं, म्हणून कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढा. आणि सगळं पाणी एकदम बदलायचं नाही." तिच्या सांगण्यावरून कितीतरी टाक्या तगल्या होत्या.

तिच्या टाकीत एक तपकिरी प्रवाळ होतं, शर्टाच्या बटणांएवढी तोंडं एकमेकांना चिकटून बसलेली. दुकानदाराने ते फुकट दिलं होतं. "हे मारायचं म्हटलं तरी मरत नाही, बाई," असं म्हणाला होता. तसंच झालं. भटाला दिली ओसरी अशी गत. हळूहळू त्याने शेजारची नाजूक प्रवाळं झाकून टाकली. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ते ज्या दगडावर वाढलं होतं तो अख्खा दगडच तिने बाहेर काढला. ब्रशने घासला, तरी बटणं सुटेनात. मग मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवून दगड त्यात सोडला. बाहेर वारा बोचरा होता, म्हणून खिडक्या बंद होत्या.

पातेल्यातून वाफा निघू लागल्या. तिच्या जिभेवर नाणं चघळल्यासारखी कडवट चव आली. टेबलाशी भाजी निवडत बसलेल्या सासूबाई खोकल्या.

"काय शिजवतेस गं? घसा खवखवतोय माझा."

"दगड," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

अंधार पडायच्या आत घर आडवं झालं. शेजारच्या खोलीत झोपलेला नवरा हुडहुडी भरून उठला. तिचं अंग ठणकत होतं, छाती आवळल्यासारखी झाली होती. सासूबाईंना तर बोलतानाही धाप लागायला लागली. फ्लू आला असेल म्हणून तिने तिघांना तापाच्या गोळ्या दिल्या. पण सासूबाईंचे ओठ निळसर दिसले तेव्हा ती फोनकडे धावली. तिने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तिघं एकदमच आजारी? घरात काही जाळलं का? गॅस गळत होता?"

"नाही," ती म्हणाली. खरंच तिला काही सुचत नव्हतं.

ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई दगड उकळत होती."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. म्हातारीला भ्रम झाला, असंच त्यांना वाटलं असणार. पण कवळीबाईला दगडावरची ती बटणं आठवली. त्या बटणांबद्दल कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, उघड्या हाताने धरू नका, विषारी असतात. हातावर जखम असेल तर जपायचं, एवढाच अर्थ तिने घेतला होता. वाफेतून विष सगळ्यांच्या छातीत जाईल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई उठून फोन करायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"यावर उतारा असा नाही. उकळूनही ते विष मरत नाही. श्वास सांभाळायचा आणि लक्ष ठेवायचं. घरात आणखी कुणी आहे का?"

घरात कुणी नव्हतं. पण उतारा नाही हे ऐकून ती भिंतीला टेकून खाली बसली. आपण स्वतःच्या हाताने, हसत हसत, माणसांना विष पाजलं, एवढंच तिच्या मनात घुमत राहिलं. तिला रडूही येईना.

नवरा आणि ती लवकर सुधारले. सासूबाई मात्र बरेच दिवस दवाखान्यात राहिल्या. घरी आल्यावरही जिना चढताना त्यांना मध्येच थांबावं लागे. त्यांनी सुनेला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

नवरा म्हणाला, "टाकी काढून टाकू या."

"माशांनी काय केलंय?" सासूबाई म्हणाल्या.

खिडक्या सताड उघडून, मास्क, चष्मा आणि लांब हातमोजे घालून तिने स्वयंपाकघर पुसून काढलं. तज्ज्ञांना विचारून तो दगड आणि पातेलं घट्ट बांधून बाहेर काढलं. मग ती त्या दुकानात गेली. दुकानदाराला काहीच ठाऊक नव्हतं. ऐकता ऐकता त्याने स्वतःचे उघडे, ओले हात टाकीतून बाहेर घेतले आणि त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"मी तर रोज..." एवढंच तो बोलला.

फोन अजूनही येतात. ती आता पाण्याचं आणि मिठाचं मागाहून सांगते. आधी विचारते, "तुमच्याकडे बटणांसारखं काही आहे का? असेल तर त्याला उघडा हात लावू नका, घासू नका, उकळू तर मुळीच नका." पलीकडचा माणूस कधीकधी हसतो. ती हसत नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगते.